कापण्याआधी कळावं म्हणून

गळ्यावर गाठ दिसली, डॉक्टरांनी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी, लिहून दिली, की घरातलं एखादं थोरलं माणूस हमखास आडवं येतं. "सुई लावू देऊ नका. गाठ चवताळते." तरुण मंडळी हसतात, डॉक्टर वैतागतात आणि पेशंट बिचारा दोघांच्या मध्ये सापडतो. पण हे भय आपल्याकडच्या आज्यांनी शोधलेलं नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या भल्याभल्या सर्जनांच्या मनात ते घर करून होतं. गाठीत सुई घालून निदान करायचं तंत्र न्यूयॉर्कमध्ये उगवलं, पण अमेरिकेत ते पसरलं नाही. त्यासाठी समुद्रापलीकडे स्टॉकहोमला त्याचा नवा जन्म व्हावा लागला आणि तिथून अमेरिकेत परतायला १९७० नंतरचं दशक उजाडलं. थायरॉइडच्या गाठीची ही हकिगत त्या सुईची आहे. आणि सुईच्याही आधी, मिनेसोटातल्या एका उघड्या खिडकीची.

श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही ग्रंथी वजनाला जेमतेम दीड-दोन तोळे. पण गाठी धरण्याची तिला भारी खोड. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात हजारो माणसांचे गळे चाचपून पाहिले, त्याचे आकडे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. बायकांमध्ये शंभरात ६.४ आणि पुरुषांमध्ये १.५ जणांना हाताला लागेल अशी गाठ होती. हाताला न लागणाऱ्या, फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठी धरल्या तर उतारवयात निम्म्या लोकांच्या गळ्यात काही ना काही सापडतं. यातल्या बहुतेक गाठी जन्मभर गप्प बसतात. शंभरातल्या पाच ते पंधरा कर्करोगाच्या निघतात. म्हणजे गाठ आहे की नाही, हा प्रश्न सोपा. एवढ्या गाठींतली कापायची कुठली, हा खरा प्रश्न.

एके काळी हा प्रश्न पडतच नव्हता, कारण कापणं म्हणजे मरण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गलगंडाचं ऑपरेशन करून घेणाऱ्या शंभरांतले चाळीस दगावत. थायरॉइडला रक्ताचा पुरवठा इतका दांडगा, की सुरी लागली की रक्त थांबता थांबत नसे. थिओडोर बिलरोथसारख्या दिग्गजानेही झुरिकमध्ये हात पोळल्यावर ही ऑपरेशनं काही वर्षं बंद ठेवली होती. हे चित्र पालटलं स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात. थिओडोर कोखर तिथे १८७२ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, प्राध्यापक झाला. आल्प्सच्या त्या मुलखात मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. कोखर सावकाश कापणारा माणूस. एकेक रक्तवाहिनी बांधत पुढे जायचा. त्याच्या हातून होणाऱ्या ऑपरेशनांतलं मृत्यूचं प्रमाण अखेरीस हजारात पाचाच्याही खाली आलं. १९०९ चं नोबेल त्याला थायरॉइडवरच्या कामासाठीच मिळालं.

पण कोखरच्या यशातच एक काटा होता. १८७४ मध्ये त्याने ११ वर्षांच्या एका मुलीची अख्खी थायरॉइड काढली. ऑपरेशन उत्तम पार पडलं. काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरकडून कळलं, की मुलगी पार बदलली आहे. कोखरने तिला पुढे पाहिलं तेव्हा पाठची बहीण मोठी, तरतरीत झालेली, आणि ही खुजी, सुजलेली, मंद. कोखर हादरला. त्याने जुन्या पेशंटांना पत्रं पाठवून बोलावून घेतलं. संपूर्ण ग्रंथी काढलेले जे १८ जण आले, त्यांतल्या १६ जणांची कमीअधिक तीच गत. १८८३ मध्ये त्याने हे सगळं जर्मन सर्जनांच्या भर परिषदेत सांगितलं. आपल्याच हातची चूक आकड्यांसकट जाहीर करणारा सर्जन आजही विरळा.

यानंतर सर्जनपुढे खरा पेच उभा राहिला. गाठ साधी असेल तर थोडं काढून बाकीचं ठेवायचं. कर्करोग असेल तर हात आखडता घेऊन चालायचं नाही. म्हणजे काय काढायचं हे काय आहे यावर ठरणार, आणि काय आहे ते काढल्याशिवाय कळणार नाही.

मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावात विल्यम आणि चार्ल्स हे मेयो बंधू याच पेचात होते. अमेरिकेच्या सरोवरांचा तो सगळा टापू गलगंडाचा पट्टा म्हणून ओळखला जाई आणि धाकट्या चार्ल्सचा हात गलगंडावर बसलेला. १९०५ च्या जानेवारीत लुई विल्सन हा पॅथॉलॉजिस्ट त्यांच्याकडे रुजू झाला. थोरल्या मेयोंनी त्याच्यापुढे मागणी ठेवली: पेशंट टेबलावर आहे तोवर गाठ कर्करोगाची आहे की नाही, ते आम्हाला सांगता येईल अशी काही युक्ती काढा.

मागणी साधी वाटते, पण त्या काळी एका तुकड्याचा निकाल लागायला दिवस लागत. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, पाणी काढायचं, मेणात बसवायचा, मग पातळ काप घेऊन रंगवायचा. गोठवून काप घेण्याची पद्धत तेव्हाही माहीत होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १८९१ साली विल्यम वेल्च याने स्तनाच्या एका गाठीवर ती वापरूनही पाहिली होती. पण त्याचा निकाल तयार होईपर्यंत सर्जन ऑपरेशन संपवून मोकळा झाला.

विल्सनच्या मदतीला मिनेसोटाचा हिवाळा आला. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली. त्याने ताज्या मांसाचा बारीक तुकडा खिडकीबाहेर ठेवला. काही मिनिटांत तो दगडासारखा झाला. मग त्याचे पातळ काप घेतले, मेथिलीन ब्लूमध्ये बुडवले आणि ओलेच सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशी निळ्या, स्वच्छ दिसल्या. पुढे खिडकीची जागा कार्बन डायऑक्साइडने गोठवणाऱ्या यंत्राने घेतली, कारण मिनेसोटातही उन्हाळा येतोच. २ डिसेंबर १९०५ ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात विल्सनने ही कृती छापली. तिला शोध म्हणायला माझं मन धजत नाही, कारण तिचे सुटे भाग आधीच हाताशी होते. विल्सनने त्यांची रोजची सवय करून टाकली आणि पॅथॉलॉजिस्टला शवागाराच्या बाजूने उचलून ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आणून बसवलं. फ्रोझन सेक्शन या नावाने ती सवय जगभर पसरली.

तरीही एक गोष्ट बदलली नव्हती. निकाल मिनिटांत आला, पण गळा तर आधीच उघडलेला होता. फ्रोझन सेक्शनमुळे किती कापायचं हे ठरत होतं. कापायचं की नाही, हे ठरत नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधून, आणि तेही काहीसं आडवाटेने. या हॉस्पिटलात तेव्हा कर्करोगावर रेडियमचे उपचार जोरात होते. रेडियम लावायचं तर कापाकापी नाही, आणि कापाकापी नाही तर तपासायला तुकडा नाही. मग आपण कर्करोगच भाजतो आहोत, याची खात्री काय? मान आणि तोंडाच्या गाठींचा सर्जन हेज मार्टिन याला मानेतली गाठ नुसत्या तपासणीसाठी उघडणं मुळीच मान्य नव्हतं. मानेची पापुद्र्यांची बांधणी एकदा विस्कटली की पुढचं ऑपरेशन बिघडतं, असं त्याचं मत. म्हणून त्याने गाठीत सुई घातली, सिरिंजने ओढ दिली आणि आत आलेला कण काचेवर पसरवून घेतला.

ती सुई बारीक नव्हती. १८ गेजची, म्हणजे रक्तपेढीत वापरतात जवळपास तसल्या जाडीची. आधी कातडी बधिर करायची, सुरीच्या टोकाने छोटा छेद द्यायचा, मग सुई. मिळालेला कण काचेवर कसा पसरवायचा, कसा रंगवायचा, ही कला बसवली एडवर्ड एलिसने. हा एलिस डॉक्टर नव्हता, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ होता. १९३० मध्ये मार्टिन आणि एलिस यांचा लेख छापून आला तेव्हा सर्जनच्या शेजारी तंत्रज्ञाचं नाव होतं, हे त्या काळाच्या मानाने मोठंच. १९३३ मध्ये त्याच हॉस्पिटलचा पॅथॉलॉजिस्ट फ्रेड स्टुअर्ट याने सुईने केलेल्या निदानांवर दीर्घ लेख लिहिला.

गाठीत सुई खुपसणारे हे पहिलेच होते असं नाही. १९०४ मध्येच युगांडात झोपेच्या आजाराचा तपास करताना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला ग्रेग आणि त्याचा सहकारी ग्रे यांनी मानेच्या सुजलेल्या गाठींतून सुईने पाणी काढून त्यात वळवळणारे परजीवी दाखवले होते. परजीवी वळवळतो, त्यामुळे तो पाहणाऱ्याला वाद घालता येत नाही. कर्करोगाची पेशी मात्र गप्प पडून असते आणि तिला ओळखणारा डोळा लागतो. घोडं अडलं ते इथेच.

मेमोरियलमध्ये सुई चालू राहिली, बाहेर मात्र ती फारशी कुणी हातात घेतली नाही. सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी बाहेर सांडतील, ही एक भीती. त्याहून मोठी अडचण पॅथॉलॉजिस्टांची. त्यांचं सगळं शिक्षण तुकड्यावर झालेलं. तुकड्यात पेशींची वस्ती दिसते, गल्ल्या दिसतात, कुंपणं दिसतात. सुईत येतात त्या वस्तीतून उचलून आणलेल्या सुट्या पेशी. गावाचा नकाशा वाचायला शिकलेल्या माणसापुढे चार वाटसरूंचे चेहरे ठेवावेत आणि गाव कुठलं ते ओळख म्हणावं, तसा तो प्रकार. त्यांना तो अवघडच नव्हे, अपमानास्पदही वाटला असावा.

थायरॉइडपुरता अमेरिकेने मधला मार्ग काढला. १९३८ मध्ये आलेल्या व्हिम-सिल्व्हरमन सुईने आतला मांसाचा धागाच कापून काढता येई. क्लीव्हलँडचा सर्जन जॉर्ज क्राइल, धाकटा, याने ती थायरॉइडवर सर्रास वापरली आणि पॅथॉलॉजिस्ट हॅझर्डच्या जोडीने १९५१ मध्ये थायरॉइडच्या दाहाची वर्गवारी मांडली. ज्या बायकांचे गळे हाशिमोटोच्या आजाराने, म्हणजे अशाच एका दाहाने, सुजले होते आणि कर्करोगाच्या संशयाने कापले गेले असते, त्यांतल्या कित्येकींना त्यामुळे टेबलावर जावं लागलं नाही. क्राइल सर्जन असून नको असलेल्या सर्जरीविरुद्ध आयुष्यभर भांडला, म्हणून तो मला जवळचा वाटतो. पण ती सुई जाडच होती. रक्तस्राव व्हायचा, हात कसलेला लागायचा, आणि लहान गाठीत ती घालायला सहसा कुणी धजत नसे.

बारीक सुई आली ती रक्ताच्या डॉक्टरांकडून. माझ्या मते या कहाणीचा सांधा इथे आहे. रक्ताचा डॉक्टर तुकडा बघतच नाही. तो थेंब काचेवर ओढतो, हवेत वाळवतो, मे-ग्रुनवाल्ड-गीम्सा रंगात बुडवतो आणि सुट्या पेशींचे चेहरे वाचतो. हाडातला मगजही तो असाच सुईने ओढून वाचतो. सुट्या पेशींची त्याला भीती नाही, कारण वस्ती त्याने कधी पाहिलेलीच नाही. स्वीडनमधल्या लुंड गावचा नील्स सोडरस्ट्रॉम असाच रक्ताचा अभ्यासक. १९५२ मध्ये त्याने गलगंडात सुई घालून काढलेल्या नमुन्यांवर लेख लिहिला.

स्टॉकहोममध्ये १९१० साली राडियमहेमेट नावाचं कर्करोगाचं इस्पितळ सुरू झालं. नावाचा अर्थ रेडियमचं घर. पन्नाशीच्या दशकात तिथे सिक्स्टेन फ्रान्सेन काम करू लागला. त्याची सुई बाहेरून ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाड, म्हणजे आपण दंडात इंजेक्शन घेतो तेवढीच. भूल नको, छेद नको, पेशंट आला तसा उठून घरी जाणार. फ्रान्सेनने सिरिंजला एक धातूची मूठ बसवली. तिच्यामुळे दट्ट्या एकाच हाताने ओढता येई आणि दुसरा हात गाठ धरून ठेवायला मोकळा राही. थायरॉइडची गाठ आवंढा गिळताना वरखाली पळते, त्यामुळे तो मोकळा हात फार महत्त्वाचा. आजही सुई घालण्याआधी डॉक्टर सांगतात, "थोडा वेळ गिळू नका, बोलू नका."

कृती अशी: सुई गाठीत गेली की दट्ट्या ओढायचा, सुई दोन-चार वेळा मागेपुढे करायची, बाहेर काढण्याआधी ओढ सोडून द्यायची. ओढ सोडली नाही तर आलेला माल सिरिंजमध्ये उडतो आणि वाया जातो. मग सुई सुटी करून सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई परत लावायची आणि काचेवर थेंब टाकायचा. दुसऱ्या काचेने तो हलकेच ओढायचा. सगळं मिनिटाभरात. पुढे १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या मंडळींनी ओढसुद्धा काढून टाकली. नुसती सुई गाठीत फिरवली तरी केशाकर्षणाने पेशी तिच्यात चढतात, आणि रक्त कमी येतं.

राडियमहेमेटची खरी करामत सुईत नव्हती, रिवाजात होती. गाठ चाचपणारा, सुई घालणारा आणि काच वाचणारा माणूस एकच. माल पुरेसा आला नाही तर पेशंट अजून बाहेरच्या बाकावर बसलेलाच असे, त्याला लगेच परत आत बोलवायचं. बोटांना जे लागलं आणि डोळ्यांना जे दिसलं ते एकाच डोक्यात एकत्र यायचं. ज्या दवाखान्यांत सुई एकाने घालायची आणि काच डब्यात घालून दुसऱ्याकडे पाठवायची असा रिवाज पडला, तिथे 'नमुना अपुरा' असे शेरे वाढले. हे आजही खरं आहे.

१९६२ मध्ये थायरॉइडच्या आजारांत बारीक सुईने निदान कसं करावं, यावरचा राडियमहेमेटचा लेख आला. लेखक दोन, फ्रान्सेन आणि यर्झी आइनहॉर्न. हा आइनहॉर्न १९२५ मध्ये पोलंडमध्ये ज्यू घरात जन्मला, नाझींच्या श्रमछावणीतून जिवंत सुटला आणि युद्धानंतर स्वीडनला आला. पुढे राडियमहेमेटचा प्राध्यापक झाला आणि उतारवयात स्वीडनच्या संसदेतही बसला. मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा योसेफ झायिचेक आणि थायरॉइडच्या पेशींवर हुकमत असलेला टॉर्स्टेन लोव्हहागेन यांनी या विद्येला ग्रंथ दिले, शिष्य दिले.

काचेवर दिसतं काय? साध्या गलगंडात मधासारखा पातळ कोलॉइड, म्हणजे ग्रंथीत साठलेला द्रव, आणि मधूनमधून पेशींच्या शांत चादरी. हाशिमोटोत लिम्फोसाइटची गर्दी. पॅपिलरी कर्करोगात, आणि थायरॉइडचे बहुतेक कर्करोग याच जातीचे, पेशीच्या केंद्रकावर कॉफीच्या बीसारखी उभी चीर पडते, केंद्रकात छिद्र पाडल्यासारखे गोल डाग दिसतात आणि कोलॉइड चिकट, तार धरणारा होतो. ही लक्षणं एकदा डोळ्यात बसली की निदान पक्कं होतं. इथे सुट्या पेशींचे चेहरेच पुरेसे बोलके असतात.

अमेरिकेत त्या काळी वेगळाच खाक्या होता. गाठ आली की किरणोत्सारी आयोडीन देऊन स्कॅन काढायचा. गाठीने आयोडीन घेतलं नाही तर ती 'कोल्ड'. कोल्ड गाठीत कर्करोगाची शक्यता थोडी जास्त म्हणून ऑपरेशन. अडचण अशी, की बहुतेक साध्या गाठीही कोल्डच असतात. नाहीतर थायरॉइडची गोळी देऊन गाठ विरते का, याची महिनोन्महिने वाट बघायची. १९७० नंतर काही अमेरिकन डॉक्टर स्टॉकहोमचं तंत्र पारखू लागले. १९७७ पासून अमेरिकी नियतकालिकांत अनुभव छापून येऊ लागले. मिशिगनमधल्या जोएल हॅम्बर्गरने तर तळमळीने त्याचा प्रचार केला. सुईच्या वाटेने कर्करोग सांडण्याची भीती बारीक सुईच्या बाबतीत जवळजवळ निराधार ठरली. असं क्वचित घडतं, इतकं क्वचित की एकेका पेशंटवर स्वतंत्र लेख लिहिला जातो.

१९९३ मध्ये मेयो क्लिनिकच्याच घरीब आणि गोल्नर यांनी सात ठिकाणच्या १८ हजारांहून अधिक तपासण्यांचा हिशेब मांडला. ६९ टक्के साध्या, ४ टक्के कर्करोगाच्या, १० टक्के संशयास्पद आणि १७ टक्के अपुऱ्या. सुई आल्यापासून थायरॉइडची ऑपरेशनं पाव हिश्श्याने घटली, आणि ज्यांची झाली त्यांच्यात कर्करोग सापडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून किमान ३० वर गेलं. ज्या संस्थेच्या खिडकीत गळा उघडल्यावरचं निदान जन्मलं, तिथूनच गळा न उघडण्याचा हिशेब निघाला.

पण त्या १० टक्क्यांनी सगळ्यांना नाकीनऊ आणले आणि अजून आणतात. थायरॉइडच्या फॉलिक्युलर गाठी दोन प्रकारच्या, साधी अॅडिनोमा आणि कर्करोगी कार्सिनोमा. दोघींच्या पेशी हुबेहूब सारख्या. फरक एवढाच, की कार्सिनोमाच्या पेशी गाठीभोवतीचं आवरण फोडून बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात. कुंपण मोडून गुरं शेजारच्या शेतात घुसली की नाहीत, हे गोठ्यातल्या गायीच्या तोंडाकडे बघून कसं कळणार? त्यासाठी कुंपणच फिरून बघायला हवं. सुई कुंपण बघू शकत नाही. इथे वस्ती बघणाऱ्या जुन्या पॅथॉलॉजिस्टांचा आक्षेप सोळा आणे खरा ठरला.

मग विल्सनची पद्धत कामी येईल, असं वाटतं. येत नाही. घाईच्या त्या अर्ध्या तासात आवरणाचे एक-दोन तुकडेच गोठवून बघता येतात, आणि कुंपण मोडलेलं असतं तिसऱ्याच ठिकाणी. शिवाय गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी विस्कटतात. पॅपिलरी कर्करोगाची केंद्रकं मेणातल्या कापात पोकळ, फिकट दिसतात, ती खूणही गोठवलेल्या कापात उमटत नाही, कारण ती फॉर्मॅलिनच्या प्रक्रियेतून येते. म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आता थिएटरातून गाठ आली की ती कापतात, कापलेल्या अंगावरून काच हलकेच ओढतात आणि स्टॉकहोमच्या पद्धतीने तो थर रंगवून फ्रोझन सेक्शनच्या शेजारी ठेवून वाचतात. सुईने आधीच ठाम निदान दिलं असेल तर फ्रोझन सेक्शनची गरज उरत नाही. ते उपयोगी पडतं ते सुईने 'पॅपिलरीचा दाट संशय' म्हटलेलं असताना, मानेतल्या लिम्फच्या गाठींसाठी, किंवा हाती लागलेला दाणा शेजारची पॅराथायरॉइड ग्रंथी तर नाही ना, हे बघायला.

रिपोर्टांच्या भाषेचाही गोंधळ होता. एका लॅबचं 'संशयास्पद' दुसऱ्या लॅबला 'अनिश्चित'. २००७ च्या ऑक्टोबरात मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने परिषद भरवली आणि सहा पायऱ्या ठरल्या: अपुरा नमुना, साधी, अनिश्चित, फॉलिक्युलर, कर्करोगाचा संशय आणि कर्करोग. नमुना पुरेसा म्हणायला किमान दहा-दहा पेशींचे सहा पुंजके हवेत, असाही नियम झाला. २०१७ आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्त्या आल्या. मधल्या, धड ना इकडच्या ना तिकडच्या पायऱ्यांसाठी जनुकीय चाचण्या निघाल्या, पण त्यांची किंमत ऐकून आपल्याकडचा पेशंट बहुधा परत सोनोग्राफीच्या रांगेत जातो. २०१६ मध्ये तर तज्ज्ञांनी पॅपिलरीच्या एका उपजातीचं, आवरण न फोडणाऱ्या गाठीचं, नावच बदललं आणि त्यातून 'कार्सिनोमा' हा शब्द काढून टाकला. गाठ तीच, पेशी त्याच, आणि पेशंटचा कर्करोग एका ठरावाने गेला. शेवटी निकाल कुंपणावरच लागला.

सुईचा इतिहास सांगताना तिची दुसरी बाजू झाकणं बरं नव्हे. ऑपरेशनं टाळायला निघालेली ही सुई दक्षिण कोरियात नेमकी उलट वागली. १९९९ नंतर तिथे कर्करोगाची सार्वत्रिक तपासणी सुरू झाली आणि तिच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात होऊ लागली. दिसेल त्या बारीक दाण्यात सुई जाऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच. म्हणजे जे सापडत होतं ते बहुतेक कुणाचा जीव घेणारं नव्हतं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी आवाज उठवला आणि वर्षभरात ऑपरेशनं सुमारे एक-तृतीयांशाने उतरली. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये अकिरा मियाउची यांनी १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपर्यंतचे पॅपिलरी कर्करोग न कापता नुसते नजरेखाली ठेवायला सुरुवात केली होती. त्यांतल्या बहुतेक गाठी वाढल्याच नाहीत. एक सेंटिमीटरहून लहान गाठीत सहसा सुई घालूच नये, असं आता अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. कुठे घालायची नाही हे कळायला सुईला अर्धं शतक लागलं.

आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून गलगंडाला नाव आहे. स्वतंत्र भारतात पॅथॉलॉजिस्ट रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनच्या मिठाने गलगंड ओसरतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गळ्यांचे फुगे कमी झाले, गाठी उरल्या. अशा देशात या सुईइतकी सोयीची तपासणी दुसरी नाही. एक सिरिंज, दोन काचा, गीम्साची बाटली आणि वाचणारा एक तयार डोळा, एवढ्यात तालुक्याच्या गावीही निदान होतं.

त्या काचांबद्दल एक सांगून थांबतो. एफएनएसी झाली की आपण रिपोर्टाचा कागद घेऊन निघतो, आणि काच लॅबच्या कपाटात राहते. पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायची वेळ आली, की तिथे पहिल्यांदा विचारतात, "स्लाइड आणल्यात का?" कारण कागदावर एका डोळ्याचं मत असतं आणि काचेवर पेशी असतात, त्या दुसऱ्याला परत वाचता येतात. तेव्हा रिपोर्टावर बेथेस्डाची पायरी लिहिली आहे का ते बघून घ्या, आणि निघताना स्लाइड मागून घ्या. ऑपरेशन झालं असेल तर मेणाचे ब्लॉकही. कागदात नीट गुंडाळून, चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवल्या तरी चालतं. फुटू देऊ नका.